चौकटीवरचा हरताळ : चित्रफितीतून वस्तू पुसण्याचा इतिहास

एखाद्या नियमाला किंवा ठरावाला 'हरताळ फासला' असे आपण सहज म्हणतो. हा वाक्प्रचार हस्तलिखितांच्या जगातून आला आहे. हरताळ हे पिवळे खनिज. पोथी उतरवताना अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप देई आणि लेप सुकला की त्यावर योग्य अक्षर लिही. पोथीचा कागद मुळातच पिवळसर असल्यामुळे दुरून हा लेप डोळ्यांना खटकत नसे. पोथी हातात घेऊन निरखली तर मात्र लेप कोठे आहे ते कळते, आणि काही ठिकाणी खालचे अक्षरही डोकावते. पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाला असा ठिपका म्हणजे धनच. लेखनिक कोठे अडखळला, त्याने आधी काय वाचले होते, हे त्यातून समजते.

आज संगणकावर चित्रफितीचे संकलन करणारा माणूसही रोज हेच काम करतो. आभाळात आडवी आलेली विजेची तार, चौकटीत वरून डोकावणारा माईक, नायिकेच्या मागे कॅमेऱ्याकडे टक लावून उभा राहिलेला बघ्या, ऐतिहासिक वाड्याच्या भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र अशा नको असलेल्या वस्तूंभोवती तो रेघ ओढतो आणि त्या नाहीशा होतात. फरक इतकाच की या हरताळाचा डाग दिसत नाही.

या कृतीचा इतिहास मला येथे मांडायचा आहे. तो पाहताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा असे सुचवतो. वस्तू पुसली की तिथे भोक पडते, आणि ते भरावेच लागते. ते ज्या मजकुराने भरले तो आला कोठून? पुसण्याची खरी विद्या या भरण्यात आहे, आणि तिचे बरे-वाईटही तेथेच ठरते.

काळा धागा

चित्रपटाच्या जन्माबरोबरच वस्तू नाहीशी करण्याची हौसही जन्मली. १८९५ मध्ये एडिसनच्या कंपनीसाठी आल्फ्रेड क्लार्क यांनी स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या शिरच्छेदाचे काही सेकंदांचे चित्रण केले. कुऱ्हाड पडण्याच्या क्षणी कॅमेरा थांबवला, नटाच्या जागी बाहुले ठेवले आणि कॅमेरा पुन्हा सुरू केला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस यांनी खुर्चीवर बसलेली बाई याच युक्तीने गायब केली. रंगमंचावर याच खेळाला तळघराचे दार लागे. पडद्यावर कॅमेरा थांबवणे आणि फीत जोडणे पुरेसे झाले. मेलिएस मूळचे जादूगार होते. आपले दादासाहेब फाळकेही जादूचे प्रयोग करीत आणि त्यासाठी आडनाव उलटे करून त्यांनी 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतले होते. हा केवळ योगायोग मानता येत नाही. प्रेक्षकाची नजर कोठे आहे आणि कोठे नाही याचा हिशेब जादूगाराइतका कोणी ठेवत नाही.

या युक्तीत मात्र एक अडचण होती. कॅमेरा थांबवून वस्तू उचलता येते, पण दृश्य चालू असताना तिच्यावर पडदा टाकता येत नाही. त्यासाठी पहिला मोठा प्रयत्न झाला तो १९३३ च्या 'द इनव्हिजिबल मॅन' या हॉलिवूडपटात. एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरच्या या चित्रपटात जॉन फुल्टन यांनी अदृश्य माणसाचे अंग काळ्या मखमलीने झाकले आणि काळ्या मखमलीच्याच पार्श्वभूमीवर त्याचे चित्रण केले. काळ्यात काळे विरघळले आणि नुसते कपडे चालू लागले. ही प्रतिमा मग खऱ्या खोलीच्या चित्रणाशी जोडली गेली. तरीही डोळ्यांसाठी ठेवलेली भोके आणि इतर बारीकसारीक दोष दिसत राहिले. ते कुंचल्याने एकेका चौकटीवर झाकावे लागले. फुल्टन यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे असे हातकाम सुमारे ४,००० फूट फितीवर झाले. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणजे ६४,००० चौकटी.

याच चित्रपटाच्या प्रेरणेने मुंबईत १९३७ साली विजय भट्ट यांनी 'ख्वाब की दुनिया' काढला. त्याच्या चमत्कृतिदृश्यांची जबाबदारी विशीही न गाठलेल्या बाबूभाई मिस्त्री यांच्यावर होती. अदृश्य माणसाने उचललेल्या वस्तू हवेत तरंगताना दाखवण्यासाठी त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या धाग्यांनी त्या लटकवल्या. फितीवर धागा उमटलाच नाही, त्यामुळे पुसण्याची वेळ आली नाही. या करामतीमुळे 'काला धागा' हे नाव त्यांना कायमचे चिकटले. पुढे पौराणिक चित्रपटांतल्या चमत्कारांचे ते मोठे जाणकार झाले.

धागा काळा असो वा चौकटीवर रंग लावलेला असो, या काळात पुसणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असे. मागे काय आहे ते त्यानेच रचलेले असे. पडदा त्याचा, खोली त्याची. भरायचे काय, हा प्रश्न उभा राहत नव्हता.

एक दिवा आणि एक पाठमोरा माणूस

तो प्रश्न उभा केला राजकारणाने. ५ मे १९२० रोजी मॉस्कोत लेनिन लाकडी मंचावरून सैनिकांसमोर भाषण करीत होते. त्या छायाचित्रात मंचाच्या पायऱ्यांवर ट्रॉटस्की आणि कामेनेव्ह उभे आहेत. स्टालिनच्या काळातल्या प्रतींत ते दोघे नाहीत. त्यांच्या जागी लाकडी पायऱ्या आहेत. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी चालणारा गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह १९४० मध्ये मारला गेला. नंतरच्या प्रतीत त्याच्या जागी कालव्याचे पाणी आहे.

या चित्रांकडे बघताना 'कोण गेले' याची चर्चा नेहमी होते. मला त्याहून बोलका वाटतो तो आलेला मजकूर. ट्रॉटस्कीमागच्या पायऱ्या कॅमेऱ्याने कधी पाहिल्याच नव्हत्या. येझोव्हच्या मागचे पाणीही नाही. कोणा अनाम कारागिराने कुंचला आणि फवारा घेऊन त्या घडवल्या. पायरी नंतर पायरी येते, पाण्याशेजारी पाणी असते, हा त्याचा तर्क. तो बरोबरही असेल, पण तर्क म्हणजे साक्ष नव्हे.

छायाचित्रात एक चौकट असते, चित्रपटात सेकंदाला २४. दहा सेकंदांच्या दृश्यातून माणूस पुसायचा तर २४० वेळा पुसावा लागतो, आणि प्रत्येक वेळी भरलेली पायरी जागच्या जागी राहावी लागते, नाहीतर ती थरथरते. म्हणून चित्रपटातली पुसापुशी बराच काळ कात्रीवर भागली. क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनासाठी आयझेनस्टाइन यांनी केलेल्या 'ऑक्टोबर' या चित्रपटातून ट्रॉटस्की असेच कापून काढावे लागले आणि चित्रपट १९२८ मध्ये प्रदर्शित झाला.

कात्री अपुरी पडली ती स्टालिनच्याच बाबतीत. मिखाईल रॉम यांच्या 'लेनिन इन ऑक्टोबर' (१९३७) या चित्रपटात लेनिनच्या शेजारी जागोजागी स्टालिनचे पात्र होते. १९५६ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी स्टालिनवर टीका केली, १९६१ मध्ये स्टालिनचा देह लेनिनच्या समाधीतून हलवला गेला, स्टालिनग्राडचे व्होल्गोग्राड झाले. मग चित्रपटातला स्टालिन कसा राहणार? १९५६ आणि १९६३ मध्ये त्याची दृश्ये काढली गेली. पण लेनिन आणि स्टालिन एकाच चौकटीत असतील तेथे कात्री चालवली तर लेनिनही जातो. अशा ठिकाणी जुन्या चित्रावर नवे चित्रण चढवले गेले, आणि स्टालिन जेथे असे तेथे त्याच्या पुढ्यात कधी दुसरे पात्र आले, कधी एक दिवा.

पुसण्याच्या इतिहासात हा दिवा मला फार महत्त्वाचा वाटतो. मागची भिंत खात्रीने घडवता येत नव्हती, म्हणून कारागिराने पुढे वस्तू आणून ठेवली. तो दिवा एकदा लक्षात आला की त्यामागे कोण आहे याचीच उत्सुकता वाढते. आज या चित्रपटाचा मूळ पाठही पाहायला मिळतो, आणि दोन्ही पाठांची तुलना हाच एक इतिहास झाला आहे. याच रॉम यांनी १९६५ मध्ये नाझी काळातल्या चित्रफिती गोळा करून 'ऑर्डिनरी फॅसिझम' हा माहितीपट केला. जुने चित्रण न्यायालयातल्या साक्षीदारासारखे उभे करणारा हा चित्रपट आहे. एकाच दिग्दर्शकाच्या वाट्याला दोन वर्षांच्या अंतराने या दोन्ही गोष्टी आल्या.

तार पुसणारे यंत्र

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चौकट संगणकात उतरली. चित्रफीत स्कॅन करायची, प्रत्येक चौकटीचे ठिपके आकड्यांत साठवायचे, हवे ते बदलायचे आणि पुन्हा फितीवर उतरवायचे. याचा पहिला मोठा फायदा झाला साहसदृश्यांना. 'टर्मिनेटर २' (१९९१) मध्ये लॉस एंजलिसच्या काँक्रीटच्या नाल्यात मोटरसायकल झेप घेते. ती जाड तारांनी तोललेली होती आणि त्या तारा संगणकाने पुसल्या. तोवर तार बारीक ठेवावी लागे, म्हणजे नटाच्या जिवाला धोका. आता ती दोराइतकी जाड चालू लागली. पुसण्याच्या या विद्येने माणसांचे प्राण वाचवले आहेत, हे तिच्या खात्यावर आवर्जून जमा करायला हवे.

'फॉरेस्ट गम्प' (१९९४) मध्ये त्याहून अवघड काम झाले. युद्धात पाय गमावलेल्या लेफ्टनंट डॅनची भूमिका करणाऱ्या गॅरी सिनीझ यांच्या पायांना निळे कापड गुंडाळून चित्रण झाले आणि नंतर ते पाय पुसले गेले. पाय गेल्यावर त्यांच्यामागचा पलंग, खुर्ची, जमीन दिसायला हवी. यासाठी धंद्यात 'क्लीन प्लेट' घेतात. म्हणजे नट बाजूला करून, त्याच उजेडात, त्याच जागेवरून मोकळ्या जागेचे चित्रण. पुसलेल्या जागी मग खरीच जमीन बसवता येते.

हे काम करणाऱ्यांपैकी पुष्कळजण आपल्याकडचे आहेत. १९९७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकससारख्या कंपन्यांमधून आणि हैदराबाद, चेन्नई, बंगळुरूमधल्या अनेक स्टुडिओंमधून परदेशी चित्रपटांचे 'रोटो' आणि 'पेंट' होते. रोटो म्हणजे एकेका चौकटीत आकृतीची कड रेखणे, पेंट म्हणजे नको ते पुसून जागा भरणे. रोटोचे मूळ मॅक्स फ्लायशर यांच्या रोटोस्कोप या यंत्रात आहे. त्याचा पेटंट-अर्ज १९१५ चा. शंभर वर्षांनंतरही मुंबईतला तरुण माउस घेऊन तेच करतो. त्याचे काम उत्तम झाले याचा पुरावा म्हणजे ते कोणाला दिसत नाही.

भोक भरण्याचे गणित

हातकाम कमी करायचे तर भोक भरण्याचा नियम यंत्राला सांगता आला पाहिजे. तसा नियम मांडणारा एक पायाभूत निबंध २००० साली आला. मार्सेलो बेर्तालमिओ, गिलेर्मो सापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पद्धतीला 'इनपेंटिंग' म्हटले. हा शब्द त्यांनी संग्रहालयांत जुन्या चित्रांचे जतन करणाऱ्या कारागिरांकडून घेतला. भोकाच्या काठापर्यंत येणाऱ्या रेषा आत वाढवत न्यायच्या, असा नियम. ओरखडे आणि भेगा यांना तो छान लागू पडतो. मोठ्या भोकात मात्र सगळे धूसर होते. म्हणून दुसरी वाट निघाली. चित्रातलेच लहान लहान तुकडे उचलून भोकात बसवायचे, गोधडीला ठिगळ लावावे तसे. २००९ मधल्या 'पॅचमॅच' या पद्धतीने योग्य ठिगळ शोधण्याचा वेग खूप वाढवला, आणि २०१० मध्ये फोटोशॉपमध्ये 'कंटेंट-अवेअर फिल' आले.

चित्रफितीला काळाचीही मिती असते, आणि येथे ती मदतीला येते. रस्त्यावरून जाणारा माणूस या क्षणी ज्या दारासमोर आहे, ते दार दोन सेकंदांनी मोकळे होते. पुढच्या चौकटीतले दार मागच्या चौकटीत आणून बसवले की माणूस गेला आणि भरलेले दार खरेच आहे. २००४ मध्ये वेक्सलर, शेख्टमन आणि इरानी यांनी जागा आणि काळ या दोन्हींतून ठिगळे शोधण्याची रीत मांडली. एप्रिल २०१९ मध्ये आफ्टर इफेक्ट्समध्ये चित्रफितीसाठीचे 'कंटेंट-अवेअर फिल' सर्वांच्या हाती आले. वापरणाऱ्याने मास्क ओढायचा, म्हणजे वस्तूभोवतीची हद्द आखायची. वस्तू हलेल तशी हद्द हलवायची. बाकी यंत्र पाहते. पण कॅमेराही स्थिर आणि वस्तूही स्थिर असेल, तर मागची जागा एकाही चौकटीत उघडी पडत नाही. अशा वेळी संदर्भासाठी एक चौकट माणसाने स्वतः रंगवून द्यावी, अशी सोय त्यात ठेवलेली आहे. ट्रॉटस्कीच्या पायऱ्या रंगवणारा कारागीर येथे पुन्हा कामाला लागतो.

आता त्याचीही गरज राहिलेली नाही. असंख्य चित्रांवर शिकवलेली यंत्रे अशी जागा स्वतःच कल्पून भरतात. म्हणजे भरलेला मजकूर तीन ठिकाणांहून येऊ शकतो. एक, त्याच चित्रणातल्या दुसऱ्या क्षणातून. दोन, शेजारच्या भागावरून केलेल्या अनुमानातून. तीन, दुसऱ्याच कोठल्या तरी चित्रांच्या आठवणीतून. पहिल्यात पुरावा शिल्लक राहतो, दुसऱ्यात तो पातळ होतो, तिसऱ्यात तो उरत नाही. पडद्यावर मात्र तिन्ही एकसारखेच दिसतात. दिव्याची आणि हरताळाची सोय येथे संपते.

तार हा दोष की दस्तऐवज?

मनोरंजनाच्या चित्रपटात हा भेद फारसा बोचत नाही. बातमीत तो लगेच बोचतो. सीरियातल्या युद्धाच्या एका छायाचित्रात कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता. छायाचित्रकाराने तो पुसून मातीने जागा भरली. पुसलेली वस्तू क्षुल्लक होती, बातमीचा अर्थ बदलत नव्हता. तरीही असोसिएटेड प्रेसने जानेवारी २०१४ मध्ये त्याच्याशी संबंध तोडले. एका ठिकाणी मातीची कल्पना केली तर उरलेल्या मातीवरही विश्वास राहत नाही, हा त्यामागचा विचार मला योग्य वाटतो.

खरा पेच आहे तो जुन्या चित्रपटांच्या जतनाचा. वेल्स यांच्याच दुसऱ्या कादंबरीवरच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१९५३) मध्ये मंगळावरची याने बारीक तारांनी लटकवली होती. त्या वेळच्या टेक्निकलर छपाईत तारा दबून जात. नंतर वेगळ्या पद्धतीने काढलेल्या प्रतींत त्या लख्ख दिसू लागल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक त्यांना हसले. २०१८ च्या जीर्णोद्धारात त्या पुसण्यात आल्या. १९५३ च्या प्रेक्षकाला जे दिसत होते तेच आम्ही परत आणले, ही बाजू वजनदार आहे. उलट बाजूही आहे. ती याने कशी उडवली याचा प्रत्यक्ष पुरावा म्हणजे त्या तारा. ऑस्कर मिळवणाऱ्या कारागिरांच्या हातांची ती खूण आहे.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जुन्या फिती जपत आले आहे आणि आता त्यांचे बारकाईने स्कॅनिंग आणि जीर्णोद्धार होतो आहे. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) मधले विमान, 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मधली चालती भिंत, बाबूभाईंचे काळे धागे ही सारी कारागिरी जुन्या प्रोजेक्टरच्या उजेडाचा आणि छापील प्रतीच्या मऊपणाचा हिशेब करून झाली होती. मूळ निगेटिव्हच्या स्कॅनमध्ये त्यातला एखादा धागा उघडा पडला तर काय करायचे? धूळ काढणाऱ्या स्वयंचलित यंत्राला विचारून उपयोग नाही. जे एकाच चौकटीत दिसते आणि पुढच्या चौकटीत नसते ते घाण, असा त्याचा ढोबळ नियम असतो. पावसाचे थेंब आणि आगीच्या ठिणग्याही तशाच वागतात, आणि कोणी लक्ष ठेवले नाही तर धुळीबरोबर त्याही जातात.

नागमोडी रेषा

ज्या कलाजतनाच्या क्षेत्रातून 'इनपेंटिंग' हा शब्द घेतला गेला, तेथे या पेचावर उपाय झालेला आहे. रोमच्या केंद्रीय जतनसंस्थेत चेझारे ब्रांदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात 'त्रात्तेज्जो' ही रीत रूढ केली. भित्तिचित्रातली गळालेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरायची. चार पावलांवरून चित्र अखंड दिसते, जवळ गेले की रेघा दिसतात आणि मूळ कोठे संपले, भरलेले कोठे सुरू झाले ते कळते. ब्रांदी यांचा या विषयावरचा सिद्धान्तग्रंथ १९६३ चा. 'लेनिन इन ऑक्टोबर' मध्ये दिवा आला तेही याच वर्षी.

आपल्याकडे हीच सचोटी ग्रंथांच्या बाबतीत पाळली गेली. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडावी. शेकडो पोथ्या ताडून ठरवलेला पाठ वर छापलेला आहे आणि नाकारलेले पाठभेद खाली आहेत. जेथे संपादकांची खात्री नव्हती, त्या अक्षरांखाली नागमोडी रेषा आहे. वाचणाऱ्याचा ओघ ती तोडत नाही. शोधणाऱ्याला मात्र सांगते की येथे आम्ही ठरवले आहे, मिळालेले नाही.

चित्रफितीला अशी नागमोडी रेषा देणे अवघड नाही, कारण पुसणाऱ्याने ओढलेला मास्क संगणकात असतोच. काय पुसले, कोणत्या चौकटीपासून कोणत्या चौकटीपर्यंत, याचा तो नेमका नकाशा असतो. आज काम संपले की तो बहुधा टाकून दिला जातो. २०२१ मध्ये अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट आदींनी मिळून 'सी-टू-पी-ए' ही आघाडी स्थापली आणि प्रतिमेत काय बदल झाले याची नोंद प्रतिमेबरोबरच ठेवण्याचा मानक तयार केला. पाऊल चांगले आहे, पण प्रत पुन्हा साठवताना ही नोंद गळून पडू शकते. त्यामुळे तेवढ्यावर भिस्त ठेवता येणार नाही.

वाढदिवसाच्या चित्रफितीतून कचऱ्याचा डबा पुसणाऱ्याने हे सोपस्कार करावेत असे मी म्हणणार नाही. पण संग्रहालयाने, वृत्तसंस्थेने आणि जुने चित्रपट नव्याने विकणाऱ्या कंपनीने तीन गोष्टी कराव्यात. अस्पर्श स्कॅन जपावा, मास्क त्याच्याशेजारी ठेवावा, आणि भरलेला मजकूर कोठून आणला ते चार ओळींत लिहावे. मग पाहण्याच्या प्रतीत बाबूभाईंचा धागा खुशाल पुसावा. तो दिसू नये हीच तर त्यांची इच्छा होती. फक्त उद्या एखाद्या अभ्यासकाला तो बघायचा असेल, तर संग्रहालयातून तो काढून देता आला पाहिजे.